यावेळी उपस्थित होते

“छापून आलंय म्हंजे हुताच की!”

दादासो हळदकर हे वाक्य नऊ वर्षांपूर्वी पोलीस ठाण्याच्या पायरीवर बोलला. खांद्याला शबनम पिशवी, एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, मागं मोपेड चालूच. फौजदारांनी विचारलं होतं, की रविवारी दुपारी बारा वाजता शाळेच्या बक्षीस समारंभाला अमरसिंह हजर होता काय. फौजदारांच्या हातात सोमवारचा पेपर होता आणि पेपरात दादासोनंच दिलेली बातमी. बातमीच्या अगदी शेवटी ‘यावेळी’ या शब्दापुढं अकरा नावं होती, त्यांत पहिलं अमरसिंहचं. दादासोला घाई होती. तो बोलला आणि गेला. वाक्य तिथंच राहिलं.

त्या रविवारी त्याच वेळेला निपाणी रस्त्यावर केरबा नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराला एका जीपनं उडवलं. सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या होत्या. दूध रस्त्यावर सांडलेलं कितीतरी जणांनी बघितलं. जीप एका बाईनं बघितली. ती उसाचा पाला काढत होती. जीप अमरसिंहची, चालवत अमरसिंह, असं तिनं त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपर आला, कुणीतरी तिला वाचून दाखवला, आणि ती म्हणाली, मग दुसरं कोण असंल बाई, माझंच डोळं चुकलं. अज्ञात वाहन, असं कागदावर लिहिलं गेलं आणि कागद मिटला.

दादासो त्या बक्षीस समारंभाला गेलाच नव्हता. अकरा नावं त्यानं शनिवारी फोनवरून उतरवून घेतली होती.

मी शिवाजी पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. तीन वर्षांपूर्वी दादासो मुरगूडहून कादंबरीचं बाड घेऊन माझ्या टेबलाशी आला, तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. त्यानं बसायच्या आधीच सांगितलं. कादंबरी नंतर दाखवली. पुढं तीन वर्षं या माणसानं मला जितकं वैतागवलं तितकं कुणी वैतागवलेलं नाही. पण तो माझ्यापेक्षा जास्त वैतागलेला असायचा, म्हणून मला बोलता येत नसे.

गावाकडच्या वार्ताहराचं काम पेपर वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. दादासो वार्ताहर झाला त्या काळात बातमीचं पाकीट दुपारी दोनच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यावं लागे. गाडी चुकली की बातमी परवाच्या अंकात, म्हणजे मेलीच. आणि बाराचा कार्यक्रम बाराला सुरू होत नाही. पाहुणा अडीचला येतो, हार आणायला गेलेला माणूस परत येत नाही, माइक शिट्टी मारत राहतो. म्हणून बातमी आदल्या दिवशी लिहून ठेवायची. अध्यक्ष कोण, प्रास्ताविक कुणाचं, आभार कुणी मानले, हे संयोजक फोनवर सांगणार. पाहुणा काय बोलला तेही लिहून ठेवायचं, कारण तो काय बोलणार हे सगळ्या तालुक्याला पाठ. पुढं फॅक्स आला, मेल आला, मोबाइल आला. ड्रायव्हरची गरज संपली. आदल्या दिवशी लिहायचं मात्र कुणी थांबवलं नाही. मी एकही खोटी बातमी दिली नाही, असं दादासो छातीवर हात ठेवून सांगत असे. तेही खरं होतं. तो फक्त ती खरी व्हायच्या आधी देत असे.

दरवर्षी औषधाच्या दुकानातून त्याला एक डायरी मिळायची. तारखेच्या पानावर यादी, बाजूला फोन आल्याची वेळ. घरी फळीवर पंचवीस डायऱ्या होत्या, वर्षांच्या क्रमानं. एक फळीवर नव्हती. ती शबनममध्ये असायची. शनिवारचं पान, निळी शाई, ‘यावेळी’, खाली अकरा नावं, समासात ‘फोन, सायंकाळी ५.१०’. पान इतक्या वेळा उघडलेलं, की डायरी टेबलावर ठेवली की आपोआप तिथंच उघडे.

केरबा गेल्यानंतर महिन्याभरानं दादासो त्या यादीतल्या माणसांकडं गेला होता. तिघं म्हणाले, आम्हीच नव्हतो तर दुसऱ्याचं काय सांगायचं. दोघांना आठवेना. शाळेच्या शिपायानं सांगितलं, पहिली खुर्ची शेवटपर्यंत मोकळीच होती, मीच ती उचलून आत ठेवली. एवढं कळल्यावर दादासो पेपरच्या कार्यालयात गेला आणि चुकीची दुरुस्ती छापा म्हणाला. तिथल्या माणसानं समजुतीनं विचारलं, “उपस्थितांच्या यादीची दुरुस्ती? उद्यापासनं दुरुस्त्याच छापायच्या का मग? बातम्या कुठं घ्यायच्या?”

म्हणून कादंबरी.

कादंबरीचा नायक विजयसिंह नावाचा पत्रकार. सहा फूट उंच, बुलेट, काळा चष्मा. दादासो पाच फूट तीन इंच आणि त्याची मोपेड चढाला उतरून ढकलावी लागते. छोट्या गावात एक दूधवाला मरतो, संशयित म्हणतो मी त्या वेळी सभेत होतो, पेपरात नाव आहे. विजयसिंह अडीचशे पानं हिंडतो, लोकांच्या तोंडून एकेक गोष्ट काढतो, आणि शेवटच्या प्रकरणात ज्या यादीवर संशयित सुटलेला असतो ती यादी स्वतःच्याच डायरीत, स्वतःच्याच अक्षरात, एक दिवस आधीच्या तारखेला त्याला सापडते. ते शेवटचं प्रकरण मी टेबलाशी बसून वाचलं आणि बराच वेळ दुसरं मुद्रित हातात घेतलं नाही.

पण शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचायचं होतं. सव्वीस वर्षांची सवय प्रत्येक प्रकरणाच्या शेपटीला लोंबत होती. ‘मृतदेह विहिरीतून बाहेर काढण्यात आला. यावेळी माजी सरपंच, डेअरीचे चेअरमन, तंटामुक्तीचे अध्यक्ष आदी मान्यवर उपस्थित होते.’ मी लाल पेननं काट मारली.

“दादासो, मढ्याजवळ मान्यवर?”

“हुते की. मी बगितलंय. मढं आसू दे न्हायतर म्हस, मान्यवर येत्यातच.”

“पण कादंबरीत कशाला?”

“मग कादंबरीत काय माणसं बिनमान्यवर मरत्यात व्हय?”

नायक नायिकेला पहिल्यांदा भेटतो तिथं ‘शेवटी आभार मानण्यात आले’ असं होतं. तेही मी काढलं. त्यावर तो चार दिवस फोनवर बोलला नाही.

गावानं तर त्याला जगू दिलं नाही. दादासो पुस्तक काढतोय ही बातमी एसटी स्टँडसमोरच्या बाळासोच्या चहाच्या हॉटेलातून निघाली आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडं पोचली. दुसऱ्या दिवशी मी मुरगूडला गेलो होतो. चहा समोर येण्याआधी बाळासो स्वतः येऊन बसला.

“दादासो, पुस्तकात माझं नाव कुठल्या पानावर?”

“तुजं कशाला असंल? कादंबरी हाय ती.”

“व्हय, पण माणसं हायत न्हवं तिच्यात? मग त्यातला एक मी.”

“बाळासो, खून झालाय तिथं.”

“मग खुनाला बी बघाय माणसं जमत्यातच की. तिथं घाल. पहिल्या नंबरला नको, मला काय हौस न्हाय. फकस्त ‘आदी’त ढकलू नगंस. मागच्या खेपंला हनुमान जयंतीला ‘आदी’त ढकललंवतंस, बायकू आजून बोलतीया.”

माझ्याकडं वळून बाळासो म्हणाला, “पावणं, तुमी तपासताय न्हवं? तुमीच बगा जरा.”

महिन्याभरात एक्केचाळीस जणांनी नावं दिली. एकानं कोट घातलेला फोटो आणला. एकानं आपलं नाव पोलिसाच्या जागी घालायला सांगितलं, कारण पोरगा भरतीला उतरलाय. दादासो मोपेड गल्लीबोळांतनं घालायला लागला. छापखान्यात आला की पहिला अर्धा तास तो नुसता श्वास टाकायचा.

“गोष्ट कुणाची हाय ते सगळ्यास्नी कळलंय. दूधवाला, निपाणी रस्ता, जीप. आंधळ्याला बी कळंल. पण मेला कोण, ते एकानं, एकानं इचारलं न्हाय मला. समदं इचारत्यात, माझं नाव कुठं हाय!”

छापखान्याचा मालक पृथ्वीराज फुटबॉलचा वेडा. पेठेची मॅच असली की छापखाना बंद, मग कुणाची लग्नपत्रिका अडकू दे नाहीतर कुणाची कादंबरी. त्याला कादंबरी आवडली होती. फक्त शेवटचं प्रकरण नको होतं.

“हिरोच चुकला म्हटल्यावर वाचकानं बगायचं कुणाकडं? त्यापेक्षा खुनी पकडा, बुलेटला किक मारा, विषय कट.”

“न्हाय कट हुत,” दादासो म्हणाला. “नऊ वर्सं झाली, पृथ्वीराज. न्हाय झाला.”

“आवो, गोल आपल्याच जाळ्यात मारणारा हिरो कुठं असतोय?”

“हितं हाय. मारलाय. आता मैदानातनं पळून जाऊ व्हय?”

पृथ्वीराज हसला आणि प्रकरण राहिलं. त्या दिवशी दादासोला एसटीपर्यंत सोडताना मी त्याला विचारलं, ही सगळी यातायात कशासाठी? डायरी घे, ठाण्यात जा, सांग. एका पानाचा जबाब. अडीचशे पानं लिहायची काय गरज? तो असा चिडला की रस्त्यातली माणसं बघायला लागली.

“कोण ऐकंल? तोंडानं सांगितलेलं कोण खरं मानतंय ह्या मुलखात? एकदा पुस्तकात येऊ दे. छापून आल्याबिगर कोण बी मानत न्हाय.”

तो एसटीत चढला. खिडकीतनंही बडबडत होता. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही. हे मात्र माझ्या खात्यावर.

पुस्तक झालं. प्रकाशन मुरगूडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला. वाचनालयाच्या लोकांनी प्रमुख पाहुणा ठरवला अमरसिंह. नऊ वर्षांत तो साहेब झाला होता. नळाच्या चावीचं उद्घाटनसुद्धा त्याच्याविना होत नसे. मला वाटलं, दादासो आकांत करेल. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, “येऊ दे. त्याच्या तोंडावर वाचतो.”

मग तो चिमणाबाईकडं गेला. चिमणाबाई केरबाची आई. नऊ वर्षांत तो तिच्या दारात पहिल्यांदा गेला. तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं.

“कशाचा कार्यक्रम?”

“पुस्तकाचा, मावशी. केरबाचं हाय त्यात.”

“त्यो येणार हाय?”

“येणार हाय.”

“मग मी बी येतो,” ती म्हणाली आणि आत गेली.

अकराचा कार्यक्रम पाऊण वाजता सुरू झाला. व्यासपीठावर पाच खुर्च्या होत्या. मधली मोठी, तिच्यावर टॉवेल अंथरलेला, आणि ती मोकळी. साहेब निघालेत, असा फोन आला. साहेब पोचतायत, असा दुसरा आला. चिमणाबाई सगळ्यात मागं, दाराशी, भिंतीला टेकून बसली होती. तिची नजर त्या खुर्चीवर होती. मी तिसऱ्या रांगेत होतो. दादासो व्यासपीठावर, खांद्यावर नवी शाल, मांडीवर शबनम.

सव्वाला सूत्रसंचालक उभे राहिले. कार्यक्रम लांबतोय, तेव्हा साहेब रस्त्यात आहेत पण मनानं इथंच आहेत असं समजून, त्यांच्या शुभहस्ते पुस्तकाचं प्रकाशन झाल्याचं आपण जाहीर करतो, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. दोघांनी रंगीत कागद फाडला आणि पुस्तकं मोकळ्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी उंच धरली. फोटो निघाला.

तेवढ्यात दीक्षा व्यासपीठाच्या कडेला आली. ही दादासोच्या पेपरची नवी वार्ताहर. विद्यापीठातनं पत्रकारिता शिकून आली, पण खरं काम दादासोच्या हाताखाली शिकली. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिच्याकडं सगळं सोपवलं होतं. तिचा चेहरा आनंदानं फुललेला. तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला.

“सर, तुमची बातमी सगळ्यांच्या आधी लागली! सगळ्या ग्रुपवर गेली.”

दादासोनं चष्मा लावला. पुढच्या रांगांना ऐकू येईल अशा आवाजात तो वाचायला लागला. “अमरसिंह यांच्या हस्ते दिमाखात प्रकाशन. मनोगतात लेखक म्हणाले, वाचनसंस्कृती टिकली पाहिजे...” तो थांबला. “मी आजून बोललोच न्हाय.”

“सर, तुमीच शिकवलंय की. काय बोलणार ते ठाऊकच असतंय म्हणून.”

“आणि त्यो कुठं हाय?”

“येतायत की. आणि न्हाय आले तर नाव काय काढायचं काय सर? वाईट दिसतंय.”

दादासोनं मोबाइल परत दिला. फार हळू दिला, जसा कुणी भरलेला कप देतो. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. तो माइकपाशी गेला. पुस्तक टेबलावरच राहिलं. शबनममधनं त्यानं डायरी काढली, आणि ती नेहमीसारखी आपोआप उघडली.

“ह्या खुर्चीवर आत्ता कोण न्हाय,” तो म्हणाला. “तुमी समदे बगताय. नऊ वर्सांमागं बी शाळंत पहिली खुर्ची अशीच मोकळी हुती. मी बगितली न्हाय. मी तिथं गेलोच न्हवतो. यादी मी शनवारी घेतली, सांजचं पाच वाजून दहा मिन्टांनी. केरबा रविवारी मेला. पेपरात नाव आलं सोमवारी. आणि मी सांगितलं, छापून आलंय म्हंजे हुताच.”

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

“नाद खुळा!” एकजण ओरडला. “काय डायलॉग हाय!”

“शेवट फोडू नगा की वो!” मागनं बाळासोचा आवाज आला. “आजून वाचायचंय आमाला!”

हॉल हसला.

“आरं, हे पुस्तकातलं न्हाय!” दादासो ओरडला. माइकनं शिट्टी मारली. “हे खरं हाय! डायरी बगा, ही बगा!” त्यानं डायरी उंच धरली. टाळ्या आणखी वाढल्या. नाट्यवाचन इतकं रंगेल असं वाटलं नव्हतं, असं सूत्रसंचालक शेजारच्याला म्हणाले, आणि माइक चालू असल्यानं ते सगळ्यांना ऐकू आलं. पृथ्वीराज माझ्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुस्तक खपणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी त्याचा हात धरून खाली ओढला. त्याला कळेना.

टाळ्या न वाजवणारं माणूस एकच होतं. चिमणाबाई भिंतीला हात लावून उठली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढं चालत आली. टाळ्या हळूहळू बसल्या. तिला सगळे ओळखत होते. व्यासपीठाच्या पायरीशी ती थांबली. दादासो माइक सोडून पुढं आला.

“दादासो, तवा हे कुठं बोलला हुतास तू?”

“ठाण्याच्या पायरीवर, मावशी.”

“मग हितं कशाला सांगतोस? ह्यास्नी?” तिनं मागं वळूनही बघितलं नाही. “ह्ये टाळ्या वाजीवत्यात.”

दादासो उभाच राहिला. नऊ वर्षं तो काय काय करत होता, ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघत होतो. यादीतल्या माणसांची दारं, पेपरच्या कार्यालयातली समजूत, अडीचशे पानं, विजयसिंहची बुलेट. सगळ्या वाटा त्यानं धुंडाळल्या होत्या. ठाण्याची पायरी त्याच्या घरापासनं चालत सात मिनिटांवर होती.

“सर, सगळ्यांचा एक ग्रुप फोटो,” दीक्षा म्हणाली. “आणि ह्या आजींचं नाव काय सर? यादीत घालते.”

दादासोनं खांद्यावरची शाल काढली, घडी न घालता मोकळ्या खुर्चीवर ठेवली. डायरी मिटली, शबनममध्ये न टाकता काखेत धरली. तो पायऱ्या उतरला, चिमणाबाईच्या शेजारनं गेला, बाळासोच्या पुढनं गेला. बाळासोनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. माझ्याकडंही त्यानं बघितलं नाही. मागं सूत्रसंचालकांनी आभार सुरू केले होते, एकेक नाव, सावकाश, कुणी राहू नये म्हणून.

दाराशी त्यानं चपलांच्या ढिगातनं आपल्या शोधून पायात सरकवल्या. मोपेड फाटकाजवळ उभी होती. ती त्यानं तशीच ठेवली. चिमणाबाई त्याच्या मागं चार पावलांवर होती. रस्त्याला लागल्यावर घराकडं जायचं तर उजवीकडं वळावं लागतं, ठाण्याकडं जायचं तर डावीकडं. दादासो डावीकडं वळला.